पोषणाचं काम दुसऱ्या वस्तीत न्यायला ग्रँट मिळते, पण अर्ज परत का येतो?

मुंबईत गोवंडी, मालवणी, धारावी, कुठेही जा, बायकांनी मिळून मस्त कामं उभी केलेली दिसतात. शाळेच्या डब्यात वेफर्सच्या जागी नाचणीचे लाडू, अंगणवाडीतल्या आयांना पालेभाजी घालून थालीपीठ शिकवणं, गच्चीवर पालक-मेथी. असं काम इतर वस्त्यांत पोचवायला पैसे देणारे फंडर आहेत, कंपन्यांचा सीएसआर (कायद्याने सामाजिक कामावर खर्च करायचा पैसा) आहे, पण अर्ज मात्र धडाधड परत येतात आणि त्यात कामाचा दोष क्वचितच असतो.

आधी एक समजून घ्या, हा पैसा तुमचं चालू काम चालवायला नाहीये, ते काम दुसऱ्यांना शिकवायला आहे. धान्य, गॅस, जागेचं भाडं यानेच बजेट भरलं की अर्ज बाजूला पडला समजा. ट्रेनिंग, शिकवणाऱ्या ताईंचं मानधन आणि प्रवास, रेसिपीची पुस्तिका, दुसऱ्या गटाला तुमच्याकडे आणून काम दाखवणं, व्हिडिओ, असले खर्च दाखवा.

अर्ज करता येतो तो नोंदणीकृत ट्रस्टला, सोसायटीला किंवा सेक्शन 8 कंपनीला (नफ्यासाठी नसलेली कंपनी). महिला बचत गट किंवा मंडळाची अशी नोंदणी नसेल तर एखाद्या ट्रस्टला सोबत घ्यावं लागतं आणि इथेच मोठा घोळ होतो. त्या ट्रस्टचा पैसा परदेशी, म्हणजे एफसीआरएचा (परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली आलेला) असेल तर त्या कायद्याच्या 2020 च्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या कुठल्याही संस्थेला पुढे देताच येत नाही. त्या संस्थेची स्वतःची एफसीआरए नोंदणी असली तरी नाही. "पैसे आमच्या खात्यात येतील, मग आम्ही पाच गटांना वाटू" असं अर्जात लिहिलंत की संपलं. ट्रस्टनेच थेट खर्च करायचा. शिकवायला आलेल्या ताईंचं मानधन ही वेगळी गोष्ट, पण तेही सीएला विचारूनच लिहा.

आता तो कागद, जो मागितला की सगळे एकमेकांकडे बघतात. शेड्यूल वनचा, म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडच्या ट्रस्टच्या नोंदीचा, ताजा उतारा. ट्रस्टवर आज विश्वस्त कोण आहेत ते त्यावरून कळतं. होतं काय की जुने अध्यक्ष वारलेले असतात, सेक्रेटरी पुण्याला मुलाकडे राहायला गेलेले असतात, अर्जावर सही असते नव्या मॅडमची आणि उताऱ्यावर नावं जुनीच. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट द्यायचा असतो, पण तेव्हा कुणाला ग्रँट हवी नसते म्हणून तो राहून जातो. मग फंडरची जाहिरात आल्यावर धावपळ. अहो, तो काही आठवड्याभरात मंजूर होणारा कागद नाही, त्यामुळे ग्रँट डोक्यात असो वा नसो, चेंज रिपोर्ट आजच बघा. उशीर झाला असेल तर उशीर माफीचा अर्जही सोबत जोडावा लागतो, वकिलाला विचारून घ्या. तोपर्यंत ज्यांचं नाव उताऱ्यावर आहे त्यांचीच सही घ्या, हे तरी हातात आहे.

12ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि 80जी (देणगीदाराला करसवलत) या आयकर नोंदण्यांबद्दल सगळे एकच चूक करतात. प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरती नोंदणी तीन वर्षांची असते, म्हणून लोक तिसऱ्या वर्षाच्या शेवटी जागे होतात. पक्क्या नोंदणीचा अर्ज मुदत संपायच्या किमान सहा महिने आधी करायचा असतो, किंवा काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, यातलं जे आधी येईल ते! काम तर तुमचं कधीचंच सुरू झालेलं असतं, म्हणजे तुमची तारीख तुम्हाला वाटते त्याच्या बरीच आधीची निघते. सर्टिफिकेटवरची शेवटची तारीख बघून निवांत बसू नका.

सीएसआरचा पैसा हवा असेल तर 12ए आणि 80जी दोन्ही लागतं, शिवाय कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-1 फॉर्म भरून मिळालेला नंबर आणि अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव. पॅन, दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलचा आयडी, तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, हे नेहमीचंच. (तीन वर्षांचं ऑडिट दोन एमबीच्या पीडीएफमध्ये बसवा म्हणणाऱ्यांनी एकदा स्वतः बसवून दाखवावं, पण असो.) आणि अर्जात नुसतं "हेल्दी रेसिपी वर्कशॉप" लिहू नका, कुकिंग क्लास वाटतो. कंपनी कायद्याच्या ज्या यादीतून सीएसआर खर्च होतो त्यात कुपोषण निर्मूलन आणि आरोग्य हे शब्द आहेत, तुमचं काम खरंच त्यात बसत असेल तर तेच शब्द वापरा.

मग येतो "यशस्वी" हा शब्द. कशावरून यशस्वी? लोक हजेरीचं रजिस्टर आणि हळदीकुंकवाचे फोटो जोडतात. त्यातून बायका आल्या एवढंच कळतं, घरचं ताट बदललं का ते नाही कळत. सुरुवातीला घेतलेली माहिती लागते आणि ती जवळपास कुणाकडेच नसते. ती आता मागच्या तारखेने बनवू नका, प्रश्न विचारले की लगेच पकडलं जातं. त्यापेक्षा जुन्या वीस-पंचवीस घरी जाऊन आधी काय खायचे, आता काय खातात हे विचारा आणि ही माहिती नंतर आठवणीवरून घेतलीय असं स्पष्ट लिहा, प्रामाणिक फंडर ते चालवून घेतो. पुढच्या वस्तीत मात्र पहिल्या दिवशीच नोंद घ्या. अंगणवाडीतली मुलांची वजनं-उंची वापरायची असेल तर अंगणवाडी चालवणाऱ्या विभागाचं परवानगीपत्र लागेल, सेविका ताईंनी प्रेमाने वही दाखवली म्हणजे परवानगी मिळाली असं नाही. मुलांच्या फोटोंसाठी पालकांची लेखी संमती.

तारखेचं शेवटचं. कंपन्यांचं वर्ष 31 मार्चला संपतं, म्हणून जानेवारीनंतर अचानक फोन येतात, "दोन महिन्यांत खर्च करू शकाल का?" जमणार नसेल तर नाही म्हणा, किंवा काम पुढच्या वर्षातही चालणारा प्रकल्प म्हणून घ्यायला सांगा, त्याची सोय कायद्यात आहे, फक्त ते करारात आधीच लिहून घ्या. पैसा हप्त्यांनी येतो आणि पुढचा हप्ता सीएच्या युटिलायझेशन सर्टिफिकेटशिवाय (पैसा ठरल्या कामालाच खर्च झाल्याचा दाखला) सुटत नाही, त्यामुळे भाजीवाल्याकडूनसुद्धा पहिल्या दिवसापासून पावती घ्या, आणि तो देत नसेल तर आपलंच व्हाउचर करून त्यावर सही घ्या.