कीटकनाशक नियमन (ग्रामीण विदर्भ)

पिकावर फवारायच्या रसायनांची नोंदणी, विक्री, तपासणी आणि बंदी यांची शासकीय व्यवस्था. विदर्भात या रसायनांना सरसकट ‘औषध’ म्हणतात. कायदा त्यांना विष मानतो, आणि तो आला तोही विषबाधेमुळेच. १९५८ साली केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळलेले गव्हाचे पीठ पोटात जाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. पुढे कीटकनाशके अधिनियम, १९६८ आणि त्याखालचे १९७१ चे नियम झाले.

नोंदणीचे काम फरिदाबादला चालते. केंद्रीय कीटकनाशक मंडळ सरकारला तांत्रिक सल्ला देते, तर एखादे औषध देशात विकू द्यायचे की नाही हे नोंदणी समिती ठरवते. मंजुरी नुसत्या रसायनाला मिळत नाही. कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी, किती मात्रेत आणि शेवटच्या फवारणीनंतर किती दिवसांनी काढणी, हे सगळे तिच्यात येते. दुकानदार याला ‘लेबल क्लेम’ म्हणतात. कपाशीच्या तुडतुड्यांसाठी मंजूर झालेले औषध तुरीवर मारले की ते मंजुरीबाहेर गेले.

पुढची जबाबदारी राज्याच्या कृषी विभागाची. कृषी केंद्राला, म्हणजे ही औषधे विकणाऱ्या दुकानाला, परवाना लागतो, आणि ज्या कंपनीचा माल विकायचा तिचे उगम प्रमाणपत्र (माल विकायला कंपनीने दिलेला दाखला) त्या परवान्यात नोंदवावे लागते. तालुक्याचा गुणनियंत्रण निरीक्षक दुकानात येतो तेव्हा साठा रजिस्टर, बिले आणि फळीवरचे डबे ताडून पाहतो. शंका आली तर विक्री बंद आदेश देतो आणि नमुना काढतो. नमुन्याचे तीन भाग करून प्रत्येकाला सील लागते. एक दुकानदाराकडे राहतो, एक प्रयोगशाळेत जातो आणि एक न्यायालयासाठी जपून ठेवतात. विश्लेषकाने ३० दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो कोणी अमान्य केला तर फरिदाबादच्या केंद्रीय प्रयोगशाळेचा शब्द अखेरचा. हा भाग नेटका आखलेला आहे, असेच म्हणावे लागेल.

डब्यावर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषाची तीव्रता सांगतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. लाल खुणेच्या वर कवटी आणि हाडे असतात. हिरवा म्हणजे बिनधोक, असा समज गावोगाव आहे. तो चुकीचा आहे. सोबतच्या घडीपत्रकात विषबाधेची लक्षणे आणि उताराही छापलेला असतो. पत्रकाचे अक्षर इतके बारीक असते, की वावरात पंप भरताना ते वाचून होत नाही.

व्यवस्थेतली खरी फट धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर आहे. अधिनियमाच्या कलम ३८ नुसार स्वतःच्या कसणुकीच्या जमिनीवर कोणी औषध वापरले तर त्या वापराला हा कायदा लागू होत नाही. म्हणजे डबा दुकानात असेपर्यंत त्याच्यावर निरीक्षकाची नजर असते. धुरा ओलांडला की ती संपते. दोन औषधे आणि एखादे ‘टॉनिक’ एकाच पंपात ओतले जाते. त्या मिश्रणाची नोंदणी कुठेच झालेली नसते. ते पाठीवर घेऊन दिवसभर फिरणारा माणूस पुष्कळदा शेताचा मालक नसतो, रोजंदारीवर आलेला असतो. नियमांत संरक्षक कपडे, हातमोजे आणि मुखवटा सांगितले आहेत. भर उकाड्यात, डोक्याच्या वर गेलेल्या पऱ्हाटीत (कपाशीत) ते अंगावर ठेवणे किती अवघड आहे, याचा विचार नियम करताना झालेला दिसत नाही.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. राज्याने विशेष तपास पथक नेमले आणि यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलढाणा व वाशीम जिल्ह्यांत पाच औषधांची विक्री तात्पुरती थांबवली. मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट, डायफेनथियुरॉन आणि दोन तयार मिश्रणे त्यात होती. कलम २७ खाली राज्याला अशी बंदी ६० दिवस घालता येते आणि चौकशी लांबली तर आणखी ३० दिवस. कायमची बंदी केंद्राच्या हाती आहे. या यादीतल्या मोनोक्रोटोफॉसचे ३६ टक्के द्रावण बंद करण्याचा केंद्राचा आदेश २०२३ मध्ये निघाला. तोवर आणखी सहा खरिपांच्या पेरण्या होऊन गेल्या होत्या.