मॅक्बेथमधील मेजवानीचा प्रवेश : चित्रपटीय रूपांतरे

विल्यम शेक्सपिअर (१५६४–१६१६) याच्या मॅक्बेथ या शोकांतिकेच्या तिसऱ्या अंकातील चौथा प्रवेश. राजपद बळकावलेला मॅक्बेथ सरदारांना मेजवानी देतो. त्याने धाडलेला मारेकरी दाराशी येऊन, मॅक्बेथचा जुना सहकारी सेनानी बँको याचा खून झाल्याचे, पण त्याचा मुलगा फ्लीअन्स निसटल्याचे सांगतो. आणि थोड्याच वेळात मेलेला बँको राजाच्या जागी येऊन बसतो. प्रवेश सुमारे १४० ओळींचा आहे. रूपांतरांच्या तुलनेसाठी तो विशेष सोयीचा ठरतो, कारण येथे दिग्दर्शकाला एक निर्णय टाळता येत नाही : भूत प्रेक्षकाला दाखवायचे की नाही. दाखवले, तर मॅक्बेथ खरे बोलत असतो आणि आंधळे ठरतात ते पाहुणे. न दाखवले, तर प्रेक्षक पाहुण्यांच्या पंगतीला जाऊन बसतो. लेडी मॅक्बेथची सारवासारव धीराची वाटते की केविलवाणी, हेही यावरच ठरते.

संहिता व वाद : मॅक्बेथची संहिता फक्त १६२३ च्या ‘फर्स्ट फोलिओ’त (शेक्सपिअरच्या नाटकांचा पहिला छापील संग्रह) मिळते, त्यापूर्वीची छापील प्रत नाही. लेखनकाळ साधारणतः १६०६ धरतात. फोलिओतील पाठ रंगमंचासाठी कापलेला असावा आणि त्यात समकालीन नाटककार टॉमस मिडलटनचा हात फिरलेला असावा, असे बहुतेक संपादक मानतात; मात्र हा संशय मुख्यतः हेकेटी या चेटकिणींच्या देवतेच्या प्रवेशांवर व चेटकिणींच्या गाण्यांवर आहे, मेजवानीवर नाही.

मेजवानीचा वाद वेगळा आहे. फोलिओतील रंगसूचना भूत येते आणि ‘मॅक्बेथच्या जागी बसते’ असे स्पष्ट सांगते. पण ही सूचना मॅक्बेथला भूत दिसण्याच्या आठ-दहा ओळी आधी छापलेली आहे. म्हणजे मॅक्बेथ पाहुण्यांना सुग्रास जेवणाच्या शुभेच्छा देत असताना, बँको आला नाही म्हणून खोटी हळहळ करत असताना, भूत खुर्चीत बसलेले असते. पुढच्या काळातील अनेक संपादकांनी भुताचे इतक्या आधी येणे तर्काला धरून नाही म्हणून सूचना खाली सरकवली. अलीकडे फोलिओची जागाच राखण्याकडे कल दिसतो आणि तो अधिक सयुक्तिक आहे. लांब रंगमंचावर नटाला मागून चालत येऊन बसायला तेवढा वेळ लागतो, शिवाय प्रेक्षकाला आधी कळणे हाच त्या ओळींचा दंश आहे.

सायमन फोरमन या ज्योतिषी-वैद्याने लंडनच्या ‘ग्लोब’ नाट्यगृहात पाहिलेल्या प्रयोगाचे टिपण लिहून ठेवले आहे. तारीख त्याने २० एप्रिल १६१० अशी दिली आहे, पण सोबत लिहिलेला शनिवार १६११ मध्ये येतो, म्हणून १६११ हेच वर्ष धरतात. या टिपणाच्या अस्सलपणाविषयी एकेकाळी शंका घेतली गेली; आता ती सहसा घेतली जात नाही. फोरमनच्या मते भूत मॅक्बेथच्या पाठीमागच्या खुर्चीत बसले, आणि मॅक्बेथ बसायला वळला तेव्हा ते समोर आले. म्हणजे त्या काळी भूत नटच करत असे, हे बऱ्यापैकी निश्चित होते.

खुर्ची रिकामी ठेवण्याची प्रथा नंतरची. जॉन फिलिप केंबल याने १७९४ मध्ये लंडनच्या ड्रूरी लेन नाट्यगृहात भूत न आणता प्रयोग केला. भूत दोनदा येते, म्हणून दुसऱ्या वेळी बँको नसून मॅक्बेथने आधी मारलेला राजा डंकन येतो, असाही तर्क १९ व्या शतकातील काही भाष्यकारांनी लढवला. संहितेत त्याला आधार अगदी तुटपुंजा आहे.

चित्रपट : ऑर्सन वेल्सच्या मॅक्बेथमध्ये (१९४८) भूत दिसते, पण फक्त मॅक्बेथच्या नजरेतून. त्याच्या बाजूने घेतलेल्या शॉटमध्ये पाहुणे नाहीसे होतात, लांब टेबल ओस पडते आणि टोकाला बँको उरतो. पाहुण्यांच्या बाजूने पाहिले की टेबल पुन्हा भरलेले. दोन्ही प्रथांना एकाच वेळी सांभाळण्याचा हा मार्ग संकलनावर उभा आहे. चित्रपट रिपब्लिक पिक्चर्ससाठी अवघ्या २३ दिवसांत चित्रित झाला. स्कॉटिश उच्चारांवर टीका झाल्याने तो कापून आणि आवाज बदलून पुन्हा प्रदर्शित करण्यात आला, मूळ लांबीची प्रत १९८० मध्ये परत आली. कोणती प्रत पाहिली हे न नोंदवता या चित्रपटातील उच्चारांबद्दल वा लयीबद्दल लिहिणे व्यर्थ आहे.

अकिरा कुरोसावाच्या कुमोनोसु-जोमध्ये (१९५७; इंग्रजी नाव थ्रोन ऑफ ब्लड) शेक्सपिअरची एकही ओळ नाही, तरी या प्रवेशाची सर्वांत बारकाईने केलेली मांडणी बहुधा त्यातच सापडते. मिकी (बँको) आणि त्याचा मुलगा यांच्या दोन जागा रिकाम्या आहेत. एक वृद्ध सेवक जुन्या काळच्या राजद्रोह्याची कथा नाचून-गाऊन सादर करू लागतो, आणि वाशिझु (मॅक्बेथ) त्याला मध्येच थांबवतो. मग मिकीचे पांढरेफटक भूत दिसते, तेही कट करून नव्हे, तर कॅमेऱ्याच्या सरकण्यातून : मघाशी रिकामी असलेली जागा पुन्हा चौकटीत येते तेव्हा तिथे तो बसलेला असतो. कट असता तर भूत संकलकाने आणले असे वाटले असते. येथे खोली तीच, वेळ तीच, फक्त माणूस वाढला.

याहून महत्त्वाचा बदल क्रमाचा आहे. मूळ नाटकात मारेकरी आधी येतो, भूत नंतर. कुरोसावाने ते उलटे केले. वाशिझु तलवार उपसून हवेत वार करतो, त्याची बायको असाजी तो प्यालेला आहे म्हणून पाहुण्यांना वाटेला लावते, आणि त्यानंतर मारेकरी मिकीचे शिर कापडात गुंडाळून आणतो. मुलगा निसटल्याचे कळताच वाशिझु त्याला ठार करतो. म्हणजे खून झाल्याची पहिली वर्दी भूतच देते. मॅक्बेथचे भूत हे त्याच्या अपराधी मनाचे चित्र, ही नेहमीची मीमांसा येथे सरळ लागू पडत नाही, कारण खून पार पडला की नाही हे त्या मनाला अजून ठाऊक नसते.

रोमन पोलान्स्कीच्या चित्रपटात (१९७१, पटकथा केनेथ टायनन याच्यासह) रक्ताळलेला बँको प्रेक्षकालाही दिसतो. त्याचा खरा भर मेजवानीच्या भोवतालावर आहे : साखळीने बांधलेल्या अस्वलावर कुत्रे सोडण्याचा खेळ, आणि नंतर फरफटत नेलेले कलेवर. शेवटच्या अंकात मॅक्बेथ स्वतःला खुंटाला बांधलेल्या अस्वलाची उपमा देतो. पोलान्स्कीने ती ओळ दोन अंक आधी दृश्यात आणून ठेवली आहे. ट्रेव्हर नन याच्या रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या १९७६ च्या प्रयोगावरून झालेल्या दूरचित्रवाणी चित्रणात (प्रक्षेपण १९७९) भूत नाही. सारे काही इयान मकेलनच्या चेहऱ्यावर, आणि नवऱ्याला सावरताना ज्युडी डेंचच्या लेडी मॅक्बेथला पडणाऱ्या ताणावर. केंबलची युक्ती पडद्यावर सर्वाधिक यशस्वी झाली ती येथे. त्याचे कारण जवळून घेतलेले शॉट.

विशाल भारद्वाजच्या मकबूलमध्ये (पहिले प्रदर्शन टोरांटो येथे २००३, भारतात जानेवारी २००४) कथा मुंबईच्या गुन्हेगारी जगात जाते आणि मेजवानी गळते. तिच्या जागी मृतदेह घरी आणण्याचा प्रसंग आहे : काकाचे (बँको) प्रेत समोर असताना मकबूलला ते जिवंत असल्याचा भास होतो. जमलेले लोक, आणि त्यांच्यादेखत यजमानाचा तोल जाणे, हे दोन्ही घटक टिकले, खुर्ची गेली. ‘मकबूलमध्ये बँकोचे भूत नाही’ असे विधान वारंवार केले जाते, ते मेजवानी शोधत बसल्यामुळे. जस्टिन कर्झेल (२०१५) भूत पाहुण्यांच्या गर्दीत उभे करतो. जोएल कोएन (२०२१) भूताशी झुंज लावतो आणि पाहता पाहता तिथे काळा पक्षी फडफडताना दिसतो. लेडी मॅक्बेथ खिडकी उघडून त्याला बाहेर घालवते. चेटकिणी आणि पक्षी यांचा धागा या चित्रपटात आधीपासून असल्याने ही कल्पना उपरी वाटत नाही. दिलीश पोथनच्या जोजी (२०२१) या मल्याळम चित्रपटात हा प्रवेश जवळजवळ विरून गेला आहे.

मराठी व नागपूर संदर्भ : मराठीत मॅक्बेथ आले ते रंगभूमीवरून, शि. म. परांजपे यांचे मानाजीराव १९ व्या शतकाच्या अखेरच्या दशकातले, आणि वि. वा. शिरवाडकरांचे राजमुकुट १९५४ चे. शेक्सपिअरला हिंदी पडद्यावर नेणाऱ्यांपैकी किशोर साहू (हॅम्लेट, १९५४) हे नागपूर विद्यापीठाचे पदवीधर होते.

नागपूरच्या अभ्यासकाला तुलनेसाठी आणखी जवळचे उदाहरण आहे. महेश एलकुंचवार यांच्या पार्टी या नाटकावर गोविंद निहलानी यांनी १९८४ मध्ये चित्रपट केला. दमयंती राणे यांच्या घरी लेखक-कलावंतांची पार्टी रंगते आणि बोलणे पुन्हा पुन्हा वळते ते तिथे नसलेल्या अमृत या कवीकडे, जो आदिवासींमध्ये काम करायला निघून गेला आहे. चित्रपटाच्या शेवटी रक्तबंबाळ अमृत (नसीरुद्दीन शाह) दिसतो. प्रभावाचा दावा करण्याचे कारण नाही. पण गैरहजर पाहुणा, त्याच्याविषयीची वरवरची हळहळ आणि शेवटी त्याचे रक्ताळलेले दर्शन ही रचना मेजवानीच्या प्रवेशाशेजारी ठेवून पाहण्याजोगी आहे. येथेही तोच प्रश्न येतो : पात्रांना जे दिसते ते कॅमेऱ्याने दाखवावे का?

तुलनेची रीत : प्रथम संहितेची आवृत्ती ठरवावी आणि तीत भुताच्या प्रवेशाची सूचना कोणत्या ओळीशी आहे ते टिपावे. मग प्रवेशाचे सहा तुकडे पाडावेत : स्वागत, मारेकरी, भुताचे पहिले येणे, दुसरे येणे, पाहुण्यांची पांगापांग, आणि उरलेले नवरा-बायको. शेवटचा तुकडा विद्यार्थी हमखास सोडतात. वास्तविक रक्तात इतके पुढे आलो की मागे फिरणे तितकेच जड, ही मॅक्बेथची कबुली तिथेच आहे आणि दोघांमधला दुरावाही तिथेच दिसू लागतो. प्रत्येक चित्रपटासाठी चार गोष्टी लिहाव्यात : भूत आधी कोणाला दिसते, ते कोणाच्या बाजूने घेतलेल्या शॉटमध्ये आहे, ते कटने येते की कॅमेऱ्याच्या हालचालीने, आणि त्या क्षणी लेडी मॅक्बेथ चौकटीत आहे का. प्रवेश एकदा सलग, एकदा आवाज बंद करून आणि एकदा पडद्याकडे पाठ करून नुसता ऐकावा.

वेळ मोजताना चूक होते ती फ्रेमच्या गतीमुळे. सेकंदाला २४ फ्रेमने चित्रित झालेला चित्रपट पॅल या दूरचित्रवाणी पद्धतीच्या डीव्हीडीवर २५ फ्रेमने धावतो. सहा मिनिटांचा प्रवेश सुमारे १४ सेकंदांनी आखूड होतो आणि आवाज किंचित चढा लागतो. म्हणून मिनिटांऐवजी प्रवेशाचे एकूण लांबीशी प्रमाण मांडावे. दुसरी चूक चौकटीच्या आकाराची. पोलान्स्कीचा चित्रपट २.३५:१ असा रुंद आहे. जुन्या टीव्हीसाठी कडा कापलेल्या प्रतीत टेबलाच्या टोकाची माणसे गायब होतात आणि ‘दिग्दर्शकाने पाहुणे दाखवलेच नाहीत’ असे निरीक्षण वहीत जाते. कोएनचा १.३७:१ असा मुळातच अरुंद आहे, तो पडदा भरावा म्हणून ताणू नये. तिसरी चूक उपशीर्षकांची : कुरोसावाच्या इंग्रजी उपशीर्षकांत शेक्सपिअरचा वास आला, तर तो बहुधा भाषांतरकाराचा.

नागपुरात दोन अडचणींची भर पडते. दुपारच्या खेळाला सभागृहाच्या खिडक्यांवर काळे पडदे नसतील, तर वेल्स आणि कोएन यांच्या कृष्णधवल चौकटीतील काळा रंग राखाडी होतो आणि अर्धे दालन दिसेनासे होते. हे दोन चित्रपट अंधार पडल्यावरच लावावेत. एप्रिल-मेमध्ये कूलर सुरू असताना असाजीच्या रेशमी वस्त्रांची सळसळ ऐकूच येत नाही. तिच्या निश्चल चेहऱ्याइतकीच ती सळसळ बोलकी आहे. पोलान्स्कीची मनातल्या मनात बोललेली स्वगतेही अशीच बुडतात. कूलर थोडा वेळ बंद ठेवता येत नसेल, तर स्पीकर पडद्यामागे न ठेवता बाकांच्या दोन्ही बाजूंना, कूलरच्या झोतापासून दूर ठेवावेत.