थर्मल दुर्बिणीतून सावजाची ओळख

रात्रीच्या शिकारीत बंदुकीवरच्या थर्मल दुर्बिणीतून दिसणारा उष्ण आकार नेमका कोणत्या प्राण्याचा आहे, त्याच्या मागे काय आहे आणि त्यावर गोळी झाडणे सुरक्षित व कायदेशीर आहे का, याची चाप ओढण्यापूर्वी करायची खातरजमा. अमेरिकेच्या टेक्सास राज्यात पिकांची नासधूस करणाऱ्या रानडुकरांसाठी या दुर्बिणी सर्रास वापरल्या जातात. तिथे २०१९ पासून खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने डुकरे मारायला शिकारीचा परवाना लागत नाही. मात्र रात्री हरणे मारण्यास बंदी आहे, आणि डुकरे ज्या शेतात उतरतात तिथेच पांढऱ्या शेपटीची हरणे, मालकाची वासरे आणि मेंढ्यांची राखण करणारी कुत्रीही असतात. अंधारात ही सगळी नुसती उजळ ठिपके म्हणून दिसतात.

थर्मल दुर्बीण प्रकाश वाढवत नाही. वस्तूंमधून बाहेर पडणारे सुमारे ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण मायक्रोबोलोमीटर नावाच्या संवेदकावर पडतात आणि पृष्ठभागांच्या तापमानातील फरकावरून चित्र तयार होते. साध्या काचेतून हे किरण जात नाहीत, म्हणून भिंग जर्मेनियमचे असते. त्याच कारणाने बंद काचेच्या गाडीत बसलेला माणूस या दुर्बिणीत दिसत नाही; दिसते ती काच. रंग, अंगावरचे पट्टे, वाळलेली शिंगे यांचा पत्ता लागत नाही. कुंपणाची तार आणि मधल्या सुक्या काटक्या भोवतालाइतक्याच थंड असल्या की चित्रातून गायब होतात, पण गोळीची दिशा मात्र बदलू शकतात.

दिसणे आणि ओळखणे यांत किती अंतर आहे, हे १९५८ साली अमेरिकी लष्करी संशोधक जॉन जॉन्सन यांनी मोजून दाखवले. त्यांच्या निकषांनुसार काहीतरी आहे एवढे कळायला लक्ष्याच्या सर्वांत अरुंद बाजूवर एक रेषाजोडी, म्हणजे शेजारशेजारची एक काळी आणि एक पांढरी रेषा, मावली तरी पुरते; कोणत्या प्रकारची वस्तू आहे हे कळायला चार, आणि नेमकी ओळख पटायला ६.४ लागतात. एका रेषाजोडीला दोन पिक्सेल धरले तर हे आकडे २, ८ आणि सुमारे १३ पिक्सेल होतात. शिवाय हे निकष निम्म्या वेळा बरोबर ठरण्यापुरतेच आहेत. बंदूक हातात असताना निम्मी खात्री म्हणजे खात्री नव्हेच.

१२ मायक्रोमीटरचा पिक्सेल आणि ५० मिलिमीटरचे भिंग असलेली चांगली दुर्बीण घेतली, तर १०० मीटरवर एक पिक्सेल २.४ सेंटीमीटर व्यापतो. पाठीपासून खुरापर्यंत ७० सेंटीमीटर उंचीचे डुक्कर १,४०० मीटरवर दोन पिक्सेलांचा ठिपका म्हणून सापडते, पण १३ पिक्सेल भरायला ते साधारण २२५ मीटरच्या आत यावे लागते. भिंग २५ मिलिमीटरचे असेल तर हे अंतरही निम्मे होते. धुके, पाऊस आणि दमट हवा ते आणखी घटवतात. जाहिरातीत ठळक छापलेला हजारो मीटरचा आकडा हा बहुधा नुसत्या ठिपक्याचा असतो. गोळी झाडण्याच्या निर्णयाला त्याचा काडीचाही उपयोग नाही. डिजिटल झूमनेही काही साधत नाही, कारण तेच पिक्सेल मोठे होऊन दिसतात, नवा तपशील येत नाही.

म्हणून जाणकार शिकारी आकारापेक्षा चालीवर भर देतात आणि पुरेसा वेळ पाहत राहतात. डुकराचे डोके निमुळते, मान जवळजवळ नाहीच, खांदे जड, पाय आखूड. ते नाक जमिनीला लावून उकरत पुढे सरकते. वासराचे पाय लांब असतात, मान वर उचलली की खांद्यापासून वेगळी दिसते. हरीण दर थोड्या वेळाने डोके वर काढून कान फिरवते. कळपात ओळख सोपी जाते. एकटे नर डुक्कर आणि गवतात बसलेले वासरू यांत गफलत होते. उंच गवताने अर्धे अंग झाकले असेल तर ओणवा माणूसही चार पायांचा वाटू शकतो. सकाळी ऊन पडल्यावर आणि सांजवेळी जमीन व जनावर यांचे तापमान जवळ येऊ शकते आणि चित्र फिके पडते. उन्हात तापलेले दगड रात्री बराच वेळ उजळ राहतात, तेही लक्षात ठेवावे लागते.

शोध घेण्यासाठी हातात धरायची वेगळी थर्मल दुर्बीण वापरावी, ही यातली सर्वांत महत्त्वाची सवय. बंदुकीवरच्या दुर्बिणीने शेत न्याहाळायचे तर नळी प्रत्येक उष्ण ठिपक्याकडे वळते, आणि त्यातला एखादा ठिपका शेजारचा शेतकरी किंवा सोबतचा शिकारी असू शकतो. वर सांगितलेल्या दुर्बिणीचे दृश्यक्षेत्र, संवेदक ६४० पिक्सेल रुंद असला तरी, १०० मीटरवर जेमतेम १५ मीटर भरते. चौकटीबाहेर कोण आहे ते कळत नाही. त्यामुळे सोबत्यांच्या जागा आणि नेमाच्या दिशा आधी ठरवून, कोणी जागा सोडायची नाही हे पक्के करतात.

मागचा भाग हा वेगळाच धोका आहे. थर्मल चित्र सपाट असते, त्यात खोली जाणवत नाही. जनावर उतारासमोर उभे आहे की टेकडीच्या माथ्यावर, हे रात्री पाहून सांगता येत नाही. चुकलेली किंवा आरपार गेलेली रायफलची गोळी तीन किलोमीटरपलीकडेही पोहोचू शकते. जमीन दिवसाउजेडी पाहून घरे, रस्ते, गोठे कुठे आहेत ते ठरवून ठेवणे आणि अंतर लेझर मापकाने मोजणे, याला पर्याय नाही.

न्यूझीलंडच्या सात शस्त्रसुरक्षा नियमांत चौथा नियम लक्ष्य निःसंशय ओळखण्याचा आणि पाचवा गोळीचा मार्ग तपासण्याचा आहे. तिथेच २०१० साली तुरांगीजवळ तंबूत उतरलेली एक तरुणी दात घासत असताना मारली गेली. झोत टाकून शिकार करणाऱ्याने तिच्या डोक्यावरच्या दिव्याला हरणाचे डोळे समजून गोळी झाडली होती. महाराष्ट्रात २०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या जंगलात बेकायदा शिकारीला गेलेल्यांनी आपल्याच साथीदाराला रानडुक्कर समजून ठार केले. साधने वेगळी, चूक तीच: अपेक्षा असलेले जनावरच दिसले.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे. उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या रानडुकरासारख्या प्राण्याबाबतही कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. थर्मल कॅमेऱ्यांचा वापर इथे वन विभाग बिबट्यासारख्या प्राण्यांचा ड्रोनद्वारे माग काढण्यासाठी करतो.