लाल रेषेखालचं झुडपी जंगल : पर्यावरण मंजुरीच्या नकाशांमागची गोष्ट

वणी, उमरेड, चंद्रपूर पट्ट्यात आता नवीन खाणीचा किंवा जुनी खाण वाढवायचा प्रस्ताव आला की गावच्या ग्रुपवर केएमएल फाईल (खाणीची हद्द उपग्रहाच्या नकाशावर लाल रेषेने दाखवणारी) फिरायला लागते, पोरं मोबाईलवर उघडून आपलं वावर लाल रेषेच्या आत आहे की बाहेर ते बघतात. ही सोय फार जुनी नाही. आणि त्या रेषेखालच्या जमिनीला म्हणायचं काय हा घोळ मात्र कितीतरी जुना आहे, म्हणून थोडं मागचं सांगतो.

पर्यावरण मंजुरीची १९९४ ची अधिसूचना, १९९७ मध्ये सक्तीची झालेली जनसुनावणी, मग १४ सप्टेंबर २००६ ची नवी अधिसूचना, हे सगळ्यांना माहीत आहे, त्यात जात नाही. नकाशापुरतं बोलायचं तर आधी सगळा खेळ १:५०,००० च्या टोपोशीटवर, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाच्या छापील नकाशावर, चालायचा. म्हणजे कागदावरचा १ मिलिमीटर हा जमिनीवरचे ५० मीटर, पेनाची रेषा थोडी जाड झाली तर पांदण रस्ता, धुरा आणि कोणाचं तरी अर्धं वावर तिच्याखालीच गेलं. त्यात जुनी शीटं पृथ्वीच्या एव्हरेस्ट नावाच्या जुन्या मापावर आणि जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या नव्या मापावर, आपल्या भागात दोन्हीत शे-दोनशे मीटरचा फरक पडतो, रूपांतर न करता हद्द चढवली की सरळ शेजारच्या शेतात जाऊन बसते. शिवाय ताडोबा-चिमूरकडचा भाग ५५ पी क्रमांकाच्या शीटांत आणि चंद्रपूर शहर ५६ एम मध्ये, म्हणजे शीटं जोडत बसायचं. गावातला माणूस हे कुठून करणार होता, तो पटवाऱ्याकडचा गावनकाशा आणि खसरा (शेताचा) नंबर यावरच विसंबून होता, आणि प्रस्तावाच्या टोपोशीटवर तर खसरा नंबर नसतोच.

२००९-१० मध्ये केंद्रातल्या दोन खात्यांनी ९ कोळसाक्षेत्रांच्या नकाशांवर जंगलाचे नकाशे ठेवून खाणीला चालेल आणि चालणार नाही असे भाग पाडले होते, लोक त्याला गो-नो-गो म्हणायचे. आपलं वर्धा खोरं त्यात होतं. माझ्या मते एकेक खाण सुटी न बघता अख्खं खोरं एका नकाशावर बघायचा तो खरा प्रयत्न होता, पण वरून दबाव आला आणि पुढे ते गुंडाळलंच. त्याच सुमारास, जानेवारी २०१० मध्ये, चंद्रपूर देशातल्या ४३ अतिप्रदूषित पट्ट्यांच्या यादीत आलं आणि नव्या मंजुऱ्या काही काळ थांबल्या. मग जून २०१४ मध्ये आणखी एक बदल झाला, अभयारण्यं किंवा अतिप्रदूषित भागाच्या १० किमीच्या आत येणारा, एरवी राज्यपातळीवर मंजूर होणारा प्रस्ताव आपोआप केंद्राकडे जायचा, ते अंतर ५ किमी केलं. नकाशावर वर्तुळ छोटं झालं एवढंच, पण कितीतरी प्रस्ताव त्याच्या बाहेर पडले.

२०१४ लाच अर्ज ऑनलाइन झाले, ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्राचं मंजुऱ्यांचं परिवेश पोर्टल आलं आणि हद्दीची केएमएल फाईल अर्जासोबत यायला लागली. फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशे आणि भू-माहितीवरची जुनी बंधनंही बरीच सैल केली गेली. इथून खरा फरक पडला. पण केएमएलमध्ये बहुतेक वेळा फक्त लीजची (खाणपट्ट्याची) हद्द असते, ओबी डम्पचा, म्हणजे कोळशावरून काढलेल्या माती-दगडाचा ढिगारा कुठे येणार, नाला कुठून वळवणार, कोळशाचे ट्रक कोणत्या पांदणीने जाणार हे बघायला पर्यावरण परिणामांच्या जाड अहवालातलेच नकाशे उघडावे लागतात, आणि मराठीत मिळतो तो फक्त सारांश.

आता झुडपी जंगल. हे विदर्भाबाहेरच्या माणसाला समजावणं कठीण आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत मालगुजारीच्या (गावच्या जमीनदारीच्या) काळापासून गावाची पडीक, खुरट्या झाडोऱ्याची जमीन महसुली कागदावर झुडपी जंगल अशी नोंदलेली आहे. ढोरं चारायची तिथेच, सरपण तिथूनच, निस्ताराचा, म्हणजे अशा रोजच्या गरजांसाठी ती जमीन वापरायचा हक्क गावाचा. मालगुजारी १९५१ ला संपली, जमीन सरकारकडे आली, नाव तेच राहिलं. १९८० चा वनसंवर्धन कायदा आला तेव्हा त्या नावातल्या जंगल या शब्दाने सगळं अडलं, शाळा, स्मशानभूमी, रस्ता, कालवा, काहीही करायचं तर केंद्राची परवानगी. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तर सरकारी नोंदीत जंगल असेल ते जंगल, मालकी कोणाचीही असो, असं ठरलं. राज्य मात्र वर्षानुवर्षं म्हणत राहिलं की यातलं सुमारे ८६ हजार हेक्टर वनव्यवस्थापनाच्या कामाचंच नाही, ते सोडा.

याचा प्रस्तावाच्या नकाशाशी संबंध असा, की अर्जात वनजमीन किती हेक्टर हे लिहावं लागतं आणि ती असली की वनमंजुरी वेगळी घ्यावी लागते. एकाच तुकड्याला टोपोशीट ओपन स्क्रब म्हणते, मे महिन्यातलं उपग्रहाचं चित्र उघडी बरड जमीन दाखवते, आणि सातबारा झुडपी जंगल म्हणतो. अर्ज करणाऱ्याने कोणता कागद धरला त्यावर पुढची सगळी वाट ठरते. गावाने मात्र ती जमीन ढोरांच्या पायांनी ओळखलेली असते, ते कुठल्याच नकाशात येत नाही आणि मला यातलं सगळ्यात जास्त हेच टोचतं. रस्ता आणि शाळेसाठी सूट मागणारे गावकरी आणि खाणीसाठी सूट मागणारे एकाच रांगेत उभे केले गेले, यात गावाचं नुकसान झालं.

२२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की झुडपी जंगल हे वनच. १२ डिसेंबर १९९६ च्या आधी सक्षम अधिकाऱ्यांनी दिलेल्या जमिनींसाठी राज्याने केंद्राकडे मंजुरी मागायची, त्यानंतर दिलेल्या असतील तर का दिल्या याची कारणं द्यायची. महसूल खात्याकडे उरलेली जमीन वर्षभरात वनखात्याकडे सोपवायची. घरं, सरकारी कार्यालयं, स्मशानभूम्या उभ्या आहेत त्यांना यातून वाट मिळाली, ते बरंच झालं.

आपल्यासाठी याचा अर्थ, नवीन प्रस्तावात झुडपीचा तुकडा बिगरवन म्हणून दाखवला असेल तर आता हरकत घ्यायला पक्का आधार आहे. जनसुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी निघते. तेवढ्यात खसरा नंबरांची यादी, पटवाऱ्याकडचा गावनकाशा आणि केएमएल एकमेकांवर ठेवून बघायचं, आणि जिथे सातबारावर झुडपी आहे आणि अहवालात नाही ते नंबर लेखी द्यायचे.