दुसऱ्या खोलीतला टीव्ही: वायर तीच, पैसे पुन्हा

पुण्यातल्या तपकीर गल्लीतल्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलं की हा संवाद कानावर पडतो. "हॉलमध्ये सेट टॉप बॉक्स आहे. आतल्या खोलीत आईला टीव्ही लावून द्यायचाय, पण दुसरं कनेक्शन नकोय." दुकानदाराचा उलट प्रश्न ठरलेला असतो, "बॉक्सला मागे एव्ही आउट आहे का?" म्हणजे चित्र आणि आवाज बाहेर काढायची जागा. तीस वर्षांपूर्वी असं काही विचारायची वेळच येत नव्हती.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि पुढे सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्यात दिसू लागलं. गच्चीवरच्या अँटेनांची तोंडं सिंहगडाकडे वळवलेली असत. टीव्ही बाळगायला तेव्हा परवाना लागे आणि त्याची फी पोस्टात भरावी लागे. १९८० च्या दशकाच्या मध्यात ही पद्धत बंद झाली. त्यानंतर घरात संच किती, हे विचारायला कोणी येत नसे.

१९९१ मध्ये आखाती युद्ध उपग्रहावरून थेट दिसलं, त्याच वर्षी स्टार आलं, २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही. पेठांमध्ये वाड्यांच्या कौलांवरून आणि गच्च्यांवरून केबलच्या काळ्या वायरी पसरल्या. सरकारचा केबल कायदा आला तो १९९५ मध्ये.

त्या वायरीतून सगळे चॅनेल एकाच वेळी, कुलूप न लावता येत. प्रत्येक चॅनेलची फ्रिक्वेन्सी वेगळी, आणि हवा तो निवडायचं काम टीव्हीच्या आतला ट्यूनर करी. त्यामुळे वायरीला फाटा दिला की काम झालं. आमच्या घरी आजीच्या खोलीत टीव्ही लागला तो असाच. केबलवाल्याने काडेपेटीएवढा स्प्लिटर काढला, वायरीचं टोक ब्लेडने सोललं, वरची जाळी मागे दुमडली, मधली तार पिनेत सरकवली आणि वायर चौकटीच्या कडेने खिळे मारत आत नेली. सिग्नल दोन ठिकाणी वाटला गेल्याने आजीच्या पडद्यावर मुंग्या आल्या, म्हणून सिग्नल वाढवणारा एक बूस्टर बसवला. महिन्याचे पैसे होते तेवढेच राहिले. पैसे घराचे होते, टीव्हीचे नव्हते.

हे बदललं ते केबलच्या डिजिटायझेशनने, जे सरकारने टप्प्याटप्प्याने केलं. दुसऱ्या टप्प्यात ३८ शहरं होती, त्यात पुणेही होतं, आणि मुदत होती ३१ मार्च २०१३. आता चॅनेल कुलूपबंद येऊ लागले आणि किल्ली गेली सेट टॉप बॉक्समध्ये. साधा बॉक्स एका वेळी एकच चॅनेल उघडून टीव्हीला देतो. दोन खोल्यांत दोन वेगळे चॅनेल हवे असतील तर बॉक्सही दोन लागतात, आणि बिल बॉक्सवर ठरू लागलं.

दुसऱ्या बॉक्सची किंमत मागणं मला पटतं. पण १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्राय या दूरसंचार नियामकाची नवी दररचना लागू झाली तेव्हा नेटवर्क क्षमता शुल्क, म्हणजे चॅनेल घरापर्यंत पोचवण्याचे पैसे, म्हणून १०० चॅनेलसाठी १३० रुपयांपर्यंत आकारता येऊ लागलं, १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे, आणि हेच शुल्क दुसऱ्या टीव्हीवरही पुन्हा लागू शकत होतं. खांबावरून घरापर्यंत आलेली वायर तर एकच होती! ग्राहकांची ही तक्रार रास्त होती. १ जानेवारी २०२० च्या आदेशात ट्रायने ती मान्य केली आणि एकाच घरातल्या, एकाच नावावरच्या पुढच्या टीव्हीला या शुल्काच्या ४० टक्क्यांहून जास्त घेऊ नये, असं ठरवलं. १३० चे ४० टक्के म्हणजे ५२ रुपये. जुलै २०२४ मध्ये मात्र शुल्कावरची मर्यादाच काढून टाकली. आता आकडा कंपनी ठरवते, म्हणून दुसरं कनेक्शन घेण्याआधी तो विचारून घ्यावा.

तपकीर गल्लीतला उपाय या सगळ्यातून आला. बॉक्सच्या एचडीएमआयवर हॉलचा टीव्ही, आणि पिवळ्या-लाल-पांढऱ्या एव्ही आउटमधून आतल्या खोलीत वायर. दोन्हीकडे चॅनेल एकच दिसतो. तो आतून बदलायचा तर रिमोटचा इशारा बॉक्सपर्यंत पोचवणारा आयआर एक्स्टेंडर लागतो, कारण रिमोटचा किरण भिंतीपलीकडे जात नाही. आपल्याच घरात, आपल्याच बॉक्सवरून हे करण्यात लबाडी काही नाही. हीच वायर शेजाऱ्याच्या घरात नेली तर मात्र ती चोरी.

आतल्या खोलीत वेगळा चॅनेलच हवा असेल तर डीडी फ्री डिश ही दूरदर्शनची छत्रीवरची सेवा आहे. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या या सेवेला महिन्याचं शुल्क नाही. गच्चीतून आग्नेयेकडे मोकळं आकाश दिसत असेल तर एकच छत्री, तिच्यावर दोन आउटपुटचा एलएनबी (छत्रीवरचा सिग्नल पकडणारा भाग) आणि दोन बॉक्स एवढ्यात दोन्ही खोल्या भागतात. खाजगी मराठी वाहिन्या तिथे मोजक्याच, पण सह्याद्री दिसतं.