रेमुलाड म्हणजे गुलाबी मेयोनेज नव्हे

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याचा रेमुलाड सॉस म्हणजे मेयोनेजमध्ये केचप आणि तिखट कालवायचं, हा समज पाककृतींच्या व्हिडिओंनी पक्का केलाय. फ्रान्समधला मूळ रेमुलाड मेयोनेजचाच असतो, हे खरं. लुइझियानातल्या न्यू ऑर्लिन्स शहरातही पांढरा रेमुलाड तसाच करतात. पण तिथला जुना लाल प्रकार, म्हणजे १९०५ सालच्या गॅलटवार या रेस्टॉरंटमध्ये थंड कोळंबीवर मिळतो तो, बिनअंड्याचा, म्हणजे मेयोनेजशिवायचा असतो.

त्याचा जीव क्रिओल मोहरीत: व्हिनेगरमध्ये मुरवलेली, भरड, झणझणीत. ती मिळाली नाही तर कुठलीही दाणेदार मोहरीची पेस्ट घ्या. गोड पिवळी मस्टर्ड मात्र नको. दोन मोठे चमचे ही मोहरी, एक चमचा व्हिनेगर, पॅप्रिका (सौम्य लाल मिरचीची पूड), थोडी लाल मिरची फेटा आणि चार चमचे तेल अगदी बारीक धारेनं सोडत जा. तेल आणि व्हिनेगर मोहरीच धरून ठेवते, म्हणून अंडं लागत नाही. घाई केलीत तर सॉस फुटेल. मग बारीक चिरलेली कांद्याची पात, सेलरी, पार्स्ली. केचप घातलंच तर चमचाभर. फ्रिजमध्ये काही तास मुरू द्या. ताजा सॉस नुसता नाकात जातो. तळलेल्या कोळंबीच्या पो-बॉय या लांब पावाच्या सँडविचला मेयोनेजवाला चालतो, पण उकडलेल्या कोळंबीला हाच हवा.