पुढे चाल: सिडनीतला १९०९ चा न झालेला अंतिम सामना

१८ सप्टेंबर १९०९, शनिवार. सिडनीच्या मूर पार्कमधलं ॲग्रिकल्चरल शोग्राउंड. रग्बी लीगच्या क्लब स्पर्धेचा अंतिम सामना. साउथ सिडनी क्लबचे तेरा खेळाडू मैदानात उतरले आणि ठरल्याप्रमाणे चेंडूला लाथ मारून त्यांनी सामना सुरू केला. समोरचा अर्धा भाग रिकामाच होता. आपणच मारलेला चेंडू त्यांनी पळत जाऊन उचलला आणि गोलरेषेपलीकडे टेकवला. पंचांनी सामना साउथ सिडनीला बहाल केला. ज्यांच्याशी खेळायचं होतं ते बाल्मेनचे खेळाडू मैदानाबाहेर होते, आणि आत जाऊ नका म्हणून लोकांना अडवत होते.

आपल्याकडे याला ‘पुढे चाल’ म्हणतात. स्पर्धेच्या पहिल्या फेरीत असं घडलं तर कोणी लक्षही देत नाही. पण अंतिम सामन्यात, तोही स्पर्धेच्या दुसऱ्याच वर्षी? याचं मूळ शोधायला दोन वर्षं मागे जावं लागतं, आणि प्रत्येक टप्प्यावर प्रश्न एकच निघतो: गेटवर जमलेले पैसे कोणाचे?

१३ जुलै १९०७ रोजी सिडनी क्रिकेट ग्राउंडवर न्यू साउथ वेल्स विरुद्ध न्यूझीलंड हा रग्बी युनियनचा, म्हणजे पंधरा जणांच्या जुन्या रग्बीचा, सामना झाला. त्याला ५२ हजार लोक आले. हा खेळ चालवणारी संघटनाही ‘युनियन’च, आणि ती हौशी खेळाची पुरस्कर्ती, म्हणजे गल्ला संघटनेचा आणि दुखापत खेळाडूची. दौऱ्यावरच्या खेळाडूला रोजचा भत्ता तीन शिलिंग. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मेलबर्नमध्ये न्यायमूर्ती हिगिन्स यांनी ‘हार्वेस्टर’ निकालात अकुशल मजुरासाठी वाजवी मजुरी ठरवली ती दिवसाला सात शिलिंग. गोदीत, कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला खेळणं किती महाग पडत होतं ते या दोन आकड्यांवरून कळतं. त्यात ॲलेक बर्डन हा खेळाडू जायबंदी झाला, त्याचं काम सुटलं आणि युनियनने भरपाई दिली नाही. असंतोष होताच, या प्रकरणाने त्याला तोंड फुटलं.

८ ऑगस्ट १९०७ रोजी जॉर्ज स्ट्रीटवरच्या बेटमन्स क्रिस्टल हॉटेलात न्यू साउथ वेल्स रग्बी फुटबॉल लीग स्थापन झाली. अध्यक्ष हेन्री हॉइल, चिटणीस जेम्स गिल्टिनन आणि खजिनदार व्हिक्टर ट्रंपर. होय, तोच क्रिकेटपटू ट्रंपर, ज्याने १९०२ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डला कसोटीच्या पहिल्याच दिवशी उपाहारापूर्वी शतक ठोकलं होतं.

नऊ दिवसांनी, १७ ऑगस्टला, इंग्लंडला निघालेला न्यूझीलंडचा व्यावसायिक संघ सिडनीत खेळला. गंमत म्हणजे सामना झाला जुन्याच, युनियनच्या नियमांनी; उत्तर इंग्लंडमधल्या, जुन्या युनियनपासून फुटून निघालेल्या ‘नॉर्दर्न युनियन’ची नियमपुस्तकं तोवर हाती आलेली नव्हती. नॉर्दर्न युनियनचा तो नवा खेळ, म्हणजेच पुढचा रग्बी लीग, बराच सुटसुटीत होता. पंधराऐवजी तेरा खेळाडू. चेंडू रेषेबाहेर गेल्यावर दोन रांगा करून उड्या मारायचा लाइनआउट बंद. ट्रायचे, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवण्याचे, तीन गुण; लाथ मारून केलेल्या कोणत्याही गोलचे दोन. आणि सगळ्यात मोठा फरक: चेंडू असलेला खेळाडू पकडला गेला की त्याने उठून, चेंडू जमिनीवर ठेवून पायाने पुन्हा खेळात आणायचा. त्यामुळे माणसांच्या ढिगाऱ्याखाली चेंडू अडकून राहणं कमी झालं. तिकीट काढून आलेल्याला चेंडू दिसला पाहिजे, हा त्यामागचा रोकडा हिशोब.

जानेवारी १९०८ पासून उपनगरांच्या टाउन हॉलांमध्ये सभा भरवून क्लब निघू लागले: ग्लीब, न्यूटाउन, साउथ सिडनी, बाल्मेन, ईस्टर्न सबर्ब्ज आणि आणखी काही. ज्या भागात राहतो त्याच भागाच्या क्लबकडून खेळायचं, असा नियम होता. बाल्मेन म्हणजे बंदर, गोदी आणि कोळशाची खाण. साउथ सिडनी म्हणजे रेडफर्नच्या आसपासची कारखान्यांची वस्ती. संघ म्हणजे अक्षरशः शेजारपाजार, म्हणून रागही शेजाऱ्यांचाच, पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा.

पहिली फेरी २० एप्रिल १९०८ ला, ईस्टरच्या सोमवारी. वेंटवर्थ पार्क आणि बर्चग्रोव्ह ओव्हल, प्रत्येक मैदानावर दोन-दोन सामने. मोठं क्रिकेट मैदान युनियनच्या हातात होतं. कंबरलँडचा संघ उशिरा आला आणि एकाच हंगामात संपला. २९ ऑगस्टच्या अंतिम सामन्यात साउथ सिडनीने ईस्टर्न सबर्ब्जला १४-१२ असं हरवलं. मात्र नामवंत खेळाडू तेव्हा तिथे नव्हते. गिल्टिनन त्यांना घेऊन इंग्लंडच्या दौऱ्यावर निघाले होते.

खरी गाडी घसरली ती या दौऱ्यात. उत्तर इंग्लंडात कापड गिरण्या बंद होत्या, हवा वाईट होती. ज्या कामगारांनी तिकिटं काढायची त्यांच्याच खिशात पैसा नव्हता. लंडनच्या पार्क रॉयलवरची पहिली कसोटी २२-२२ अशी चुरशीची झाली, पण ती पाहायला माणसं थोडीच होती. अखेर संघाच्या परतीच्या तिकिटांचे पैसे इंग्रज यजमानांनी भरले आणि गिल्टिनन यांचं दिवाळं निघालं. इकडे १९०९ च्या सुरुवातीला हिशोबांवरून वाद पेटून हॉइल, गिल्टिनन आणि ट्रंपर तिघांनाही पदावरून जावं लागलं. (आज साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाला मिळते ती ढाल याच गिल्टिननच्या नावाची.)

म्हणजे १९०९ चा हंगाम सुरू झाला तेव्हा लीगकडे संस्थापक नव्हते आणि तिजोरीही नव्हती. मदतीला आले हॉटेलमालक जेम्स जॉइंटन स्मिथ. युनियनचा ऑस्ट्रेलियन ‘वॉलबीज’ संघ नुकताच ब्रिटनहून परतला होता. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्याने कॉर्नवॉलला ३२-३ असं हरवून सुवर्ण जिंकलं होतं. स्मिथ यांनी पैसा ओतून त्यातले डझनाहून जास्त खेळाडू फोडले, त्यांत ऑलिंपिकमधला कर्णधार ख्रिस मॅकिव्हॅटही होता. मग सप्टेंबरमध्ये लीगचे ‘कांगारू’ (इंग्लंडचा दौरा करून आलेला संघ) विरुद्ध हे ‘वॉलबीज’ अशी सामन्यांची मालिका ठेवली. व्यवहार म्हणून चाल बिनतोड होती. युनियनचे तारे गेले आणि लीगला गर्दी मिळाली.

चूक झाली वेळापत्रकात. क्लब स्पर्धेचा अंतिम सामना लीगने १८ सप्टेंबरच्या कांगारू-वॉलबीज सामन्याआधी, त्याच मैदानावर, तोंडी लावण्यासारखा ठेवला. आपण हंगामभर राबून इथवर आलो आणि लोक येणार ते दुसऱ्यांसाठी, ही बाल्मेनची तक्रार. ती रास्तच होती. बाल्मेनचं म्हणणं असं की दोन्ही क्लबांनी मिळून न खेळण्याचं ठरवलं होतं आणि साउथ सिडनीने शब्द फिरवला. साउथ सिडनीच्या बाजूने तांत्रिक उत्तर सोपं आहे: सामना जाहीर होता, आम्ही हजर होतो. नियमाने ते बरोबरच ठरलं, पण त्याने बाल्मेनचं समाधान कसं व्हावं?

लीगचं मात्र निभावलं. १९१० मध्ये ब्रिटिश संघ दौऱ्यावर आला, मैदानं भरली आणि मॅकिव्हॅटसारख्यांवर घातलेला पैसा वसूल झाला. न्यूकॅसलचा संघ १९०९ नंतर बाहेर पडला, त्याच्या जागी ॲनंडेल आला.

साउथ सिडनीच्या एकूण २१ विजेतेपदांत १९०९ चं धरलेलं आहे. बाल्मेनला पहिलं विजेतेपद मिळायला १९१५ उजाडलं. १९६९ च्या अंतिम सामन्यात हेच दोन क्लब समोरासमोर आले तेव्हा साउथ सिडनीचा संघ भलताच वरचढ मानला जात होता. बाल्मेनने ११-२ असा विजय मिळवला. त्या दिवशी बाल्मेनच्या जुन्याजाणत्यांनी साठ वर्षांपूर्वीची बाकी वसूल झाली असं म्हटलं असेल, तर नवल नाही.